करंडक आधी, निकाल मागाहून!

मैदानावर नव्वद मिनिटांत संपलेल्या सामन्याचा निकाल कागदावर लागायला कित्येक महिने! अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या धुरीणांना याची लाज वाटते की नाही?

13 जानेवारी 2025 रोजी आय-लीगमध्ये नामधारी संघाने इंटर काशीला 2-0 असे हरवले. चार पिवळी कार्डे झाल्यामुळे ज्याने बाहेर बसायला हवे होते तो खेळाडू नामधारीने उतरवला, अशी काशीची तक्रार. चार कार्डे मोजायला किती समित्या लागतात? शाळांच्या स्पर्धेतही हा हिशेब वहीत असतो! इथे शिस्तपालन समितीने गुण काशीला दिले, अपील समितीने ते काढून घेतले आणि तोवर लीगच संपली. 6 एप्रिलला गोव्याचे चर्चिल ब्रदर्स 40 गुणांवर, काशी वादातले गुण सोडून 39 वर. विजेता कोण, हे फायलीला विचारायचे!

पुढचा प्रकार तर निगरगट्टपणाचा कळस. काशीच्या अपिलावर 27 एप्रिलला स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने महासंघाला बजावले, विजेता ठरवू नका, पदके वाटू नका. त्याच दिवशी गोव्यात करंडक चर्चिलच्या हाती गेला. जुलैत लवादाने विजेतेपद काशीला द्यायला लावले. घाम गाळलेल्या गोव्याच्या पोरांना मिरवायला लावून मग तोंडघशी पाडले, त्याचा जाब कोण देणार?

काशीला लवादापर्यंतचा खर्च झेपला. वर्गणी काढून बूट घेणाऱ्या हौशी मंडळाने कुठे जायचे? प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्याच्या नावावर खेळाडू खेळवला, वयाचा दाखला खोटा निघाला, तरी मंडळाच्या हाती एकच अर्ज. आणि त्या अर्जावर निर्णय देणारे बहुधा स्पर्धेचे आयोजकच.

तेव्हा महासंघाने आणि जिल्हा संघटनांनीही कान उघडे ठेवून ऐकावे. प्रत्येक फेरीनंतर कार्डांची आणि बंदी असलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करा. तक्रारीचा निकाल आठवड्यात द्या, अपील शेवटच्या फेरीआधी निकाली काढा, आणि अपील समितीत आयोजकांचा एकही माणूस बसवू नका. हे जमत नसेल तर करंडक कुलपात ठेवा आणि खुर्च्या रिकाम्या करा!