चिमणरावांच्या शेजारी कोण राहतं?

गेल्या महिन्यात चिंचवडला साहित्यगप्पांच्या एका बैठकीला गेलो होतो. विषय विनोदी पुस्तकांचा होता. एका गृहस्थांनी इंग्रजीतलं उदाहरण दिलं. पी. जी. वूडहाउस १९७५ साली गेले, पण त्यांचे जीव्हज आणि बर्टी वूस्टर अजून नव्याने लिहिले जातात. वारसांकडून रीतसर परवानगी मिळाली आणि सबॅस्टियन फोक्स यांनी २०१३ मध्ये 'जीव्हज अँड द वेडिंग बेल्स' लिहिलं. २०१८ मध्ये बेन शॉट यांचं 'जीव्हज अँड द किंग ऑफ क्लब्ज' आलं. मग आपल्या चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ का नकोत? "हवेतच," बाकीचे म्हणाले, "पण अधिकृत हवेत. त्या घराची भाषा, ते वळण जपणारा माणूस पाहिजे."

मी हात वर केला. म्हटलं, नव्या पुस्तकात चिमणराव आज राहतील कुठे? समजा मोशीत फ्लॅट घेतला, मोरू चाकणच्या कंपनीत लागला. मग त्यांच्या शेजारी कोण राहत असेल? एखादा शेख, एखादा मुजावर असेल का?

"तुमच्यातलं तुम्ही लिहा की," एक ज्येष्ठ हसत म्हणाले, "उर्दूत छान होईल."

ते वाईट हेतूने बोलले नाहीत. पण तासभर मी त्यांच्याशी मराठीतच बोलत होतो. मला उर्दू वाचता येते, लिहिता येत नाही. हे त्यांनी विचारलंही नाही.

आधी कायद्याचं बोलू. चिं. वि. १९६३ च्या नोव्हेंबरात गेले. आपल्या देशात लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे ३१ डिसेंबर २०२३ ला तो संपला. १ जानेवारी २०२४ पासून चिमणरावांवर कोणीही लिहावं. निगडीच्या माणसाने लिहावं, निपाणीच्या माणसाने लिहावं, ईश्वरने लिहावं, इस्माईलनेही लिहावं. अधिकृतपणाचा शिक्का आता कोणाच्याच खिशात नाही. तरी आपण तो मागतो, कारण आपल्याला कायद्याची परवानगी नकोच आहे. लिहिणारा घरचा आहे की बाहेरचा, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

आणि शिक्का मिळाल्यावर काय होतं तेही बघा. फोक्स यांचं पुस्तक मी वाचलं, हसलोही. त्यात जीव्हज उमराव होतो आणि बर्टी नोकर, ही कल्पना झकास आहे. पण शेवटी बर्टीचं लग्न ठरतं. वूडहाउसनी १९१५ पासून १९७४ पर्यंत जीव्हजच्या गोष्टी लिहिल्या, आणि या गड्याला प्रत्येक वेळी बोहल्यावरून परत आणलं. सगळी गंमत तिथेच होती. परवानगी घेऊन आलेल्या पाहुण्याने घराचा हिशेबच मिटवून टाकला. यात फोक्स यांचा दोष कमी आणि त्या कामाचा जास्त. ज्याला जुनंच जपायचं आहे तो नव्या माणसाला आत घेऊ शकत नाही. फार तर जुन्यांचा शेवट गोड करतो.

आपल्याकडची रीत वेगळी होती, आणि चांगली होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिले, त्यात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या आहेत. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. पण त्यांनी गुरूची माणसं उचलली नाहीत. त्यांनी बाळकराम, तिंबूनाना आणि भांबूराव उभे केले. पुढे चिं. विं.नी पुण्यातला एक कारकून घेतला आणि त्याला काऊ दिली, मोरू, मैना, राघू दिले, डोक्यावर गुंड्याभाऊ दिला. प्रत्येकाने आधीच्याची नजर घेतली आणि माणसं स्वतःच्या गल्लीतली घेतली. मराठीत विनोदाचा वारसा असा चालला. त्याला कोणाच्या सहीची गरज पडली नाही.

आता आमच्या घरचं सांगतो. अब्बा उमरग्याचे, मराठी शाळेत शिकलेले. १९७० नंतर कधीतरी पिंपरीला आले आणि लेथवर उभे राहिले. त्यांचं लग्न नवं असताना मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव गुंड्याभाऊ' लागायचं. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. नेहरूनगरमध्ये शेजारच्या घरात टीव्ही होता, तिथे जमिनीवर बसून अख्खी गल्ली बघायची. अम्मी सोलापूरची, उर्दू शाळेतली. तिने पहिल्यांदा चिमणराव बघितले आणि म्हणाली, "ये तो अपने चचा छक्कन हैं!"

चचा छक्कन म्हणजे इम्तियाज अली ताज यांचा मानसपुत्र. भिंतीवर एक तसबीर टांगायला निघतो आणि सगळं घर कामाला लावतो. मुळात हा माणूस इंग्रज. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ च्या 'थ्री मेन इन अ बोट'मधले अंकल पॉजर ते हेच. ताज यांनी त्यांना उचलून मुसलमान घरात आणून बसवलं, आणि उर्दू शाळेतल्या पोरांना ते परके कधी वाटलेच नाहीत. घर बदललं, माणसं बदलली, हसू तेच राहिलं. पुढचा भाग लिहायचाच तर असा लिहावा.

आणखी एक गोष्ट त्या बैठकीत कोणाला आठवली नाही. चिमणरावांना महाराष्ट्राच्या घराघरांत नेणाऱ्या त्या मालिकेच्या निर्मात्यांत विजया जोगळेकर यांच्याबरोबर याकूब सईद होते. 'त्या घरातलं वळण' याकूब सईदांना जमेल का, असं तेव्हा अब्बांच्या गल्लीत कोणी विचारलं नाही. लोक फक्त हसले.

म्हणजे आम्ही चिमणरावांच्या घरात जाऊन हसलो, चिमणरावांना तुमच्या घरी पोचवायलाही आमच्यातला एक होता. आमच्या घरात मात्र हसायला कोणी येत नाही. मराठी गोष्टीत मुसलमान येतो तो एकतर गुंड म्हणून किंवा दंगलीत मरणारा भला माणूस म्हणून. भला असला की तो इतका भला असतो की त्याच्याशी दोन घटका गप्पा मारणं अवघड. विसराळू, फुशारकी मारणारा, बायकोला घाबरणारा, उगीच दुसऱ्याच्या भानगडीत पडणारा मुसलमान मराठी पुस्तकात कुठे आहे? ज्याला आपण घरचा मानतो त्यालाच आपण हसतो. पाहुण्याला आपण चहा देतो.

माल नाही असं म्हणू नका. चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीची बस अडकली की पाऊण तास मोकळा मिळतो, तेवढ्यात एक प्रकरण लिहून होईल. बाळकरामात ठकीसाठी वर शोधायची धडपड आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी मामेबहिणीसाठी तीच चालली होती. फक्त प्रश्न बदलले. पत्रिका नाही, हुंडा नाही. मामूंचा पहिला प्रश्न, "पर्मनंट की कॉन्ट्रॅक्ट?" मुलगा आधी नीमवर होता, आता अप्रेंटिसवर, पुढे 'साहेब म्हणालेत' वर. मामू चौकशीला थेट कंपनीच्या गेटवर गेले. वॉचमनला वाटलं भरतीला आलेत, त्याने यांचाच बायोडेटा मागितला. मामूंनी तो दिला.

किंवा आमचं भाड्याचं घर शोधणं. एजंट फोनवर "या, या" म्हणतो, नाव ऐकलं की "मालक गावाला गेलेत" म्हणतो. एका महिन्यात इतके मालक गावाला गेले की मोशी ओस पडली असावी असं आम्हाला वाटलं. त्या दिवसांत आम्ही हे घरात बसून हसत सांगायचो. हसलो नसतो तर काय केलं असतं, तेही सांगतो. अम्मी रडली असती.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द, कारण दोष एकाच बाजूला नाही. मामूंचा किस्सा मी एका मजलिशीत सांगितला तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, "आधीच आपली टिंगल कमी होते का? त्यात तू भर घालू नकोस." त्यांची भीती मला कळते. बाहेर आपल्यावर जे विनोद फिरतात ते विनोद नसतात, दगड असतात. पण म्हणून आपण आपल्या घराचं तोंडच शिवायचं का? चिं. वि. स्वतःच्याच लोकांना हसले, स्वतःच्याच पेठेला हसले, म्हणून ते आम्हालाही आपले वाटले. आपण फक्त तक्रारी लिहिल्या तर वाचणारे आपली दया करतील. दया करणारा शेजारी होत नाही.

तेव्हा चिमणरावांना त्यांच्या पुण्यात सुखाने राहू द्या. त्यांना फ्लॅट नको, मोबाईल नको, पुढचा भागही नको. त्यांची नजर तेवढी घ्या. ज्यांना शिक्का हवा आहे त्यांना शिक्का शोधू द्या. आपण आपल्या गल्लीतलं लिहू, आणि मराठीतच लिहू.

मी सुरुवात करतोय. मामूंचे किस्से इथे एकेक करून येतील. त्यासाठी परवा नेहरूनगरला जाऊन त्यांची परवानगी घेतली. मामूंनी चहा संपवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "लिख ना. पन मेरा पेट जरा कम बता."

म्हणजे आमचं लेखन अधिकृत आहे.