मथळ्यांचेही पत्ते असतात

कुबरनेटीसची डॉक्युमेंटेशन साइट 2018 साली जेकिल या साइट बनवणाऱ्या साधनावरून ह्यूगो या दुसऱ्या साधनावर गेली. एकाच साइटवर अनेक भाषा कशा नांदवायच्या, याचा जवळपास वर्षभर शोध घेऊन तिथल्या मंडळींनी हा निर्णय घेतला होता. आज तिथे हिंदीतही पाने आहेत. स्थलांतर करताना त्यांनी उघड सांगितले, की काही गोष्टी मोडतील. मार्कडाउन वाचण्याची दोन्ही साधनांची रीत वेगळी. जेकिलमध्ये नीट दिसणारी मांडणी ह्यूगोत विस्कटली, बाजूच्या यादीचा क्रम बदलला, लिंका तुटल्या. हे आधीच सांगण्याचा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

जुनी साइट नव्या साधनावर नेणाऱ्या आपल्या वाचकांना आज एकाच गोष्टीबद्दल कळकळीने सांगायचे आहे, ती म्हणजे पत्ते. पानाचा पत्ता बदलला तर सर्व्हरवर 301 चा रीडायरेक्ट लावता येतो, आणि तो बहुतेक जण लावतातही. पण लिंकमधला हॅशनंतरचा भाग, म्हणजे पानातल्या मथळ्याची खूण, ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. त्यामुळे एखाद्या मथळ्याची ही खूण बदलली, तर सर्व्हरवरचा कोणताही नियम ती वाचवू शकत नाही. पान उघडते, एररही येत नाही, आणि वाचक भल्यामोठ्या पानाच्या माथ्यावर उभा राहतो. तुमच्याच सॉफ्टवेअरच्या एरर-संदेशात अशी लिंक असेल, तर वापरात असलेल्या जुन्या आवृत्त्या ती वर्षानुवर्षे दाखवत राहतील.

मराठीत लिहिणाऱ्यांना हा फटका अधिक बसतो. एमकेडॉक्स हे साइट बनवणारे साधन ज्या पायथन-मार्कडाउन लायब्ररीवर चालते, ते मथळ्यापासून खूण बनवताना मुळात रोमन अक्षरेच ठेवते. देवनागरी मथळा पुरता पुसला जातो, आणि उरतो अंडरस्कोरपुढचा एक आकडा. वर एक नवा मथळा घातला की खालचे सगळे आकडे सरकतात, आणि कालची लिंक आज भलत्याच भागावर जाते. त्याच लायब्ररीतला युनिकोडचा पर्याय वापरला तर अक्षरे टिकतात, पण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त गळतात, कारण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ही चिन्हे ‘अक्षर’ धरली जात नाहीत. ‘स्थापना’चे ‘सथपन’ होते. आपल्या भाषेची ही मोडतोड आपणच सोसायची नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण पक्का आहे. प्रत्येक मथळ्यापुढे महिरपी कंसात खूण स्वतः लिहा; नव्या मथळ्यांची रोमन लिपीत, छोटी आणि अर्थाची. मग मथळा कितीही बदला, ही रीत समजणारे साधन कोणतेही आणा. (एमकेडॉक्समध्ये त्यासाठी ॲट्रिब्यूट लिस्टचे एक्स्टेन्शन सुरू करावे लागते.) आणि आधीच्या मथळ्यांसाठी हे काम जुन्या साधनावर असतानाच उरका, तेही त्यांच्या जुन्या खुणा जशाच्या तशा उचलून. जुन्या बिल्डच्या एचटीएमएलमधून पाने आणि त्यांतल्या खुणा यांची यादी काढा, नव्या बिल्डमधूनही काढा, आणि दोन्हींचा डिफ पाहा. जुन्या यादीतली एक जरी ओळ नव्या यादीत सापडत नसेल, तर त्या दिवशी साइट हलवू नका.