दुसरी वही कोणाकडे?

केळव्याला आमच्या आजोबांची पानवेलीची वाडी होती. पाने उचलणाऱ्या व्यापाऱ्याशी त्यांचा हिशेब दोन वह्यांवर चाले. एक वही आमच्या फडताळात, दुसरी व्यापाऱ्याकडे. महिनाअखेर दोन्ही शेजारी ठेवून आकडे ताडले जात. एकीत खाडाखोड झाली की दुसरी चुगली करी!

हे आठवण्यास कारण घडले. गेल्या पावसाळ्यात व्यापाऱ्याने काकांना मोबाईलवरून चार हजार रुपये धाडले. त्याच्या खात्यातून ते गेले, काकांच्या खात्यात आले नाहीत. बँकेत (नाव कशाला घ्या!) उत्तर मिळाले, "सिस्टीमला दिसत नाही." दोघेही खरे बोलत होते, पण वही तिसऱ्याच्याच हाती होती.

अशा दुखण्यावर हल्ली ब्लॉकचेनचा उतारा सुचविला जातो. २००८ साली बिटकॉइनच्या निबंधातून ही कल्पना गाजू लागली. हिशेबाच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानावरून गणिताने काढलेला ठसा असतो. मागचा एक आकडा बदलला की पुढचे ठसे जुळत नाहीत. शिवाय तीच वही अनेक संगणकांवर असते. म्हणजे आजोबांचीच युक्ती की!

तिची गरज आहेच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. चोरांनी एटीएमच्या मागण्यांना परस्पर 'होय' म्हणणारी बनावट यंत्रणा उभी केली. बँकेच्या मूळ खातेवहीला कोणी विचारलेच नाही. दुसऱ्या वहीची साक्ष सक्तीची असती, तर हे इतके सोपे गेले नसते.

तरी मी भाबडा नाही. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवून एका बांधकाम समूहाची थकित कर्जे दडविली होती, असे तपासात पुढे आले. लिहितानाच खोटे लिहिले, तर ब्लॉकचेन ते खोटेही इमानाने जपेल.

आणि दहाही प्रती बँकेच्याच संगणकांवर राहणार असतील, तर ती वही एकच नव्हे काय? एक प्रत काकांच्या हाती हवी, असे माझे म्हणणे. आमचे एक प्राध्यापक म्हणतात, "अरे, मग साऱ्या गावाची उधारी चव्हाट्यावर येईल!" आक्षेप रास्त आहे. पण ठशावरून मजकूर उलगडता येत नाही. तेव्हा ठसे सर्वांकडे ठेवावेत, मजकूर ज्याचा त्याच्याकडे. बिटकॉइनची वही सेकंदाला जेमतेम सात व्यवहार नोंदविते आणि यूपीआयवर रोज कोट्यवधी होतात, हा भेद मात्र जाणकारांनीच सोडवावा.

काकांचे पैसे आठवड्याने व्यापाऱ्याच्या खात्यात परत गेले. मग काकांनी बाजारातून दोन वह्या आणल्या आणि एक त्याच्या हाती दिली.