"अनंत" म्हणून हात झटकू नका

मंडळी, "विश्व अनंत आहे" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज टाकले जाते, की जणू कोणी टोकापर्यंत जाऊन पाहूनच आले आहे. प्रवचनकार म्हणतात, आणि आताशा व्हॉट्सअॅपवरचे काकाही म्हणतात. त्यावर एखादा विज्ञानवादी उठतो आणि तितक्याच ठामपणे सांगतो, "छे! महास्फोट झाला, म्हणजे विश्व मर्यादितच." माझे भांडण दोघांशीही आहे.

आधी दुसऱ्याचे बघू. महास्फोट म्हणजे एका जागी फुटलेला सुतळी बॉम्ब नव्हे. अवकाशच सगळीकडे प्रसरण पावू लागले, असे तो सिद्धांत सांगतो. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे, म्हणून त्याहून जास्त काळ प्रवास केलेला प्रकाश आपल्याकडे येणारच नाही. प्रसरण जमेस धरले तर आपल्याला दिसू शकणाऱ्या भागाची त्रिज्या होते सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षे. ही हद्द आपल्या नजरेची, विश्वाची नव्हे. क्षितिजापाशी समुद्र संपतो, असे कोकणातले शेंबडे पोरही म्हणणार नाही!

आता पहिले. "अनंत नाही, तर कुंपण कुठे? आणि कुंपणापलीकडे काय?" हा त्यांचा हुकमी एक्का. पण कुंपण नसणे वेगळे आणि अनंत असणे वेगळे. पृथ्वीच्या पाठीवर कितीही फिरा, कडा लागत नाही. म्हणून पृथ्वी अनंत झाली का? आइन्स्टाइनने १९१७ साली असेच मर्यादित, पण कडा नसलेले विश्व मांडले होते. त्याचे ते स्थिर विश्व पुढे टिकले नाही, हा मुद्दा मात्र टिकला.

मोजमापे काय म्हणतात? प्लँक उपग्रहाच्या २०१८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार अवकाश जवळजवळ सपाट आहे. लगेच टाळ्या... सपाट म्हणजे अनंत! अहो, कागदाची सुरळी करून बघा. कागद ताणला नाही, त्यावरच्या त्रिकोणाचे कोनही बदलले नाहीत. तरी मुंगी सरळ चालत पुन्हा जागेवर येते. शिवाय त्या "जवळजवळ"चे काय? प्रचंड गोलाचा लहानसा तुकडाही सपाटच भासतो.

मग उत्तर काय? आज ते कोणालाही ठाऊक नाही, कदाचित कधी कळणारही नाही. हे मुलांना सांगायला लाज कसली? उभा जन्म फळ्यासमोर काढला, म्हणून सांगतो. मूल विचारते, "त्याच्या पलीकडे काय?" आणि आपण "अनंत" म्हणून त्याचे तोंड बंद करतो. ते उत्तर नव्हे, ती पळवाट आहे. उद्या विश्व खरोखरच अनंत निघाले, तरी आज न मोजता दिलेले उत्तर पळवाटच राहील. गणिताच्या पेपरात नुसते उत्तर बरोबर आले म्हणून आम्ही पूर्ण गुण देत नव्हतो.

असो. ज्यांना पटले नाही त्यांनी जरूर भांडावे. भाचे-पुतणे मंडळींनी मात्र फोनवर नको, इथेच!