रिकाम्या पुंगळीतले शिसे

हवेत गोळीबार झाला, की चर्चा बंदुकीची होते. खाली पडलेल्या पितळी पुंगळीची नाही. बीडमध्ये 2025 साली अनेक शस्त्रपरवाने रद्द झाले, तेव्हाही ही बाजू मागेच राहिली. पुंगळीच्या बुडाशी असलेल्या टोपीत बहुधा शिशाचे संयुग असते. गोळी सुटली, की त्याची काजळी आत चिकटते. परदेशात छंद म्हणून पुंगळ्या घासून पुन्हा भरणाऱ्यांच्या शरीरात हीच धूळ जाऊ शकते. आपल्याकडे विनापरवाना काडतूस बनवणे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हाच आहे. मुलांच्या मेंदूला शिसे अपाय करते. त्याचे सुरक्षित प्रमाण कोणतेच नाही. म्हणून पुंगळी खेळायला किंवा शोभेला ठेवू नका. सापडल्यास पोलिसांना कळवा; हात लागलाच तर साबणाने स्वच्छ धुवा.