भिंतीवरील चिठ्ठ्यांचे दफ्तर

जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांना १९८४ साली मॅगसेसे पारितोषिक लाभले ते नेपाळमधील दुर्गम खेड्यांत ग्रामस्थांच्याच सहभागातून पिण्याचे पाणी आणि दऱ्या ओलांडणारे रज्जुमार्ग सिद्ध केल्याबद्दल. परंतु क्षेत्रकार्यात साचलेल्या टिपणांचा अन्वय लावण्यासाठी त्यांनी बसविलेली जी ‘केजे पद्धत’, तिचे ऋण आज जगभर भिंतीला रंगीत चिठ्ठ्या डकवून खल करणाऱ्या प्रत्येक मंडळावर आहे. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा लिहावा, ज्या चिठ्ठ्या परस्परांकडे ओढ घेतात त्या जवळ आणाव्यात, पुंजक्याला नाव मागाहून द्यावे, आणि एकटी राहिलेली चिठ्ठी बळेच कोणत्याही पुंजक्यात कोंबू नये, हा तिचा दंडक.

बैठक उठल्यावर हा सारा ऐवज फोनमध्ये कसा उतरवावा, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तिरप्या छायाचित्रातील कागदाचे चार कोपरे हेरून त्याला काटकोनात आणणारी साधने आता सर्रास झाली आहेत. थ्रीएम कंपनीने २०१४ साली काढलेले ‘पोस्ट-इट प्लस’ तर प्रत्येक चिठ्ठी भिंतीवेगळी करून पडद्यावर पुन्हा हलवू देई. या सोयीचे मोल मोठे आहे. पण आमच्या इमारतीच्या पाणीवाटपाच्या बैठकीत एका चिठ्ठीवर निळ्या शाईने ‘पाणी सायंकाळी सोडावे’ असे लिहिलेले होते, त्यातील ‘सायंकाळी’ खोडून दुसऱ्याच हाताने वर ‘पहाटे’ लिहिले होते, आणि ती चिठ्ठी कोणत्याही गटात न बसता भिंतीच्या कडेला एकटीच राहिली होती. अक्षरे ओळखणाऱ्या यंत्राने, जे शिरोरेखा आणि जोडाक्षरे यांपाशी आधीच अडखळते, तिचा नीटनेटका मजकूर करून यादीत सतरावा क्रमांक दिला. खोडाखोड गेली, एकटेपणही गेले, आणि पहाटे नोकरीला निघणाऱ्यांचा मतभेद दप्तरी उरलाच नाही.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी, की चिठ्ठ्यांना हात लावण्यापूर्वी एकदा आणि गट पडल्यावर पुन्हा एकदा, अशी संपूर्ण भिंतीची दोन छायाचित्रे घ्यावीत, टंकलिखित यादीसोबत ती कायम जोडून ठेवावीत, आणि यादी सर्वांना धाडण्यापूर्वी ज्याची त्याची चिठ्ठी ज्याने त्याने ताडून पाहावी.