सॉल्व्हंट म्हणजे सोडवणारा

पुस्तकात सॉल्व्हंट म्हणजे द्रावक; मग तहसीलच्या सॉल्व्हन्सी दाखल्यात काय विरघळते, असे आमच्या मुलाने विचारले. वाशिमकडे सोयाबीनवाल्यांना हा शब्द ठाऊक आहे. दाण्यात तेल १८ ते २० टक्के. नुसते दाबून ते पुरते निघत नाही, हेक्झेनमध्ये विरघळून सुटते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच सोडवणे, मोकळे करणे. देणेकरीही देणे फेडून सुटतो, म्हणून फेडण्याची ऐपत ती सॉल्व्हन्सी. कोर्टात जामीनदाराकडे हाच दाखला मागतात. अर्ज आम्ही लिहून देतो. पण ज्याच्या गोतात कुणाच्या नावावर शेत ना घर, त्याने काय करावे? जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीन देता आला नाही, तर त्याला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे, अशी तरतूद २००५च्या दुरुस्तीने आली. २०२३च्या नव्या संहितेतही आहे. वकिलाला जरूर विचारा.